पाणी न गळणारं चिलखत

मुरबे
१२ जानेवारी २०२५

मेघाली,

आशीर्वाद वगैरे तुझी आई वेगळ्या कागदावर लिहिणार आहे, ते तिच्याकडून घे. तू माझा नंबर बंद केलास. तिच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून देतेस. म्हणून हा कागद. तू पुण्याला मैत्रीण सपनाच्या खोलीवर आहेस एवढं कळलं होतं, पत्ता तिच्या आईकडून काढला. त्या माउलीवर रागावू नकोस, मी बोईसरला तिच्या घरी दोन तास ठाण मांडून बसलो होतो. शाळा सुटल्यापासून मी कोणाला पत्र लिहिलेलं नाही. चुका काढायच्या तर काढ, पण वाच.

पहिली गोष्ट, मी तो कागद शोधतोय. शेडमधली एकूण एक फळी हलवली, रेझिनच्या डब्यांमागे पाहिलं, जुन्या साच्यांखाली पाहिलं. सापडला नाही. उंदरांनी नेला असेल. शेडमध्ये उंदीर किती आहेत ते तुला माहीत आहे.

दुसरी गोष्ट, पोलिसांना मी त्यांनी विचारलं तेवढंच सांगितलं. कंपनीने दिलेल्या ड्रॉइंगमध्ये पाठीवरच्या पेटीला खाली भोकं दाखवली होती का? नव्हती. मी नव्हती म्हणालो, यात खोटं काय? मुलीने नंतर लाल पेन्सिलीने खुणा करून दुसरा कागद दिला होता का? मी म्हणालो, आठवत नाही. समोर माणूस मेलेला पाहिल्यावर माणसाला आठवत नाही असं होऊ शकतं. तू जबाबात दिला म्हणालीस, मी आठवत नाही म्हणालो, आणि कंपनीचे लोक तेवढंच धरून बसले की पोरीच्या डिझाइनमध्येच खोट होती. तुझ्यावर केस होईल असं मला खरंच वाटलं नव्हतं. अपघात म्हणून लिहितील आणि निवळेल, असा माझा हिशेब होता.

सातपाटीहून कोणी शेडवर आलं की पहिलं तेच विचारतं. मी ठरवून ठेवलंय, एवढंच सांगतो. सिरियलवाले आले होते. पुढच्या कुठल्या शतकातल्या लढाईची सिरियल, त्यात आपले सैनिक दुसऱ्या ग्रहावरच्या समुद्रातून वर येतात. त्यांची चाळीस चिलखतं माझ्या शेडमध्ये फायबरची केली, डिझाइन माझ्या मुलीचं. अठ्ठावीस नोव्हेंबरला खाडीच्या तोंडाशी शूटिंग झालं आणि एकतीस नंबरचं चिलखत घातलेला माणूस छातीभर पाण्यात बुडाला. जिवल्या त्याचं नाव, वाणगावच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. छातीभर पाण्यात कसा बुडाला, असं पुढे विचारलं की मी ग्राइंडर चालू करतो.

आई विचारते, "ती जेवते का नाय, तेवडं लिवून घ्या तिच्याकडून." जेवतेस का ते लिही.

बाबा


मुरबे
२ फेब्रुवारी २०२५

मेघाली,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असं धरतो.

मेहुलने बोट करायला सांगितली आहे. आपल्या आळीतल्या टोकाच्या घरातला, तोच. छोटीच आहे, पण दोन वर्षांनी माझ्या शेडमध्ये साचा भरलाय. अक्षय तृतीयेला पाण्यात घालायची आहे त्याला. तळाचे थर घालून झाले. काम करताना डोकं शांत राहतं, नाहीतर दिवसभर आईची धुसफूस ऐकायची. ती माझ्याशी जेवणापुरतंच बोलते. ताट आपटते, मी मुकाट जेवतो.

काल साफसफाईत माळ्यावर तुझं पहिलं चिलखत मिळालं. आठवतं का? तू दुसरीत होतीस. रविवारी सकाळी टीव्हीवर ती हिंदी आवाज चढवलेली अंतराळातल्या पलटणीची सिरियल लागायची आणि तू तोंड न धुता तिच्यासमोर बसायचीस. मासळीची थर्माकोलची पेटी कापून तू छाती, पाठ आणि हेल्मेट केलंस. महिनाभर घालून हिंडत होतीस, बोंबलाचा वास मारायचा त्याला. मी विचारलं होतं की बाई, या सैनिकांची तोंडं का दिसत नाहीत? तू म्हणालीस, "तोंड दिसलं तर गोळी लागल्यावर वाईट वाटेल ना बाबा." एवढीशी होतीस. मी ते आळीभर सांगत फिरलो होतो.

म्हणून तू स्वराजला घेऊन शेडवर आलीस, तेव्हा मी नाही कसं म्हणणार होतो? स्वराज त्या कंपनीत सगळी जमवाजमव बघणारा. त्याला मुंबईचे कारागीर परवडत नव्हते आणि तू म्हणालीस की माझा बाप फायबरच्या बोटी करतो, तो करील. माझा बाप करील. हे तू ज्या आवाजात म्हणालीस तो आवाज मी विसरलेलो नाही.

ते दिग्दर्शक साहेबही एकदा आले होते. हेल्मेट हातात घेऊन म्हणाले की आमच्या सैनिकाला नाव नाही, नंबर आहे, आमची गोष्टच ती आहे. मला वाटलं असेल काहीतरी मोठं. मी काळ्या काचा बसवल्या आणि नंबर रंगवले.

भोकांचं म्हणशील तर तू काहीतरी बोलली असशील. मी नाही म्हणत नाही. कामाच्या गडबडीत तू शंभर गोष्टी बोलायचीस, हा कोपरा गोल करा, हा रंग मारा, तो मारू नका. सगळं लक्षात कसं राहणार?

पाच मेची पालघर कोर्टाची तारीख आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवली आहे. मला रोज जेवताना दिसेल अशी.

बाबा


मुरबे
९ मार्च २०२५

मेघाली,

तुझं पाकीट आलं. आईने माझ्या हातातून ओढून घेतलं, उघडलं आणि पुन्हा माझ्याच हातात दिलं. अख्ख्या पानावर एक ओळ. "बाबा, कागद कुठे आहे?" जेवतेस का ते लिहिलं नाहीस.

त्याचं उत्तर आज देत नाही. दुसरंच घडलंय, ते सांगतो.

परवा मेहुल बोटीचं काम बघायला आला आणि त्याने फोन पुढे केला. "काका, तुमची सिरियल येतेय." जाहिरात होती दोन मिनिटांची. धूर, आग, आकाशात दोन चंद्र. आपली खाडी ओळखू येत नाही, पाणी जांभळं केलंय. तारापूरच्या अणुकेंद्राच्या बाजूला कॅमेरा वळवायचा नाही असं परवानगीतच होतं, तिकडे आता डोंगर काढलेत. पाण्यातून चाळीस सैनिक एकदम उठतात. मागून एक जण उताणा पडतो, त्याचा हात एकदा वर येतो, मग पुन्हा एकदा येतो आणि मग येत नाही. त्याच्यावरून बाकीचे पुढे चालत राहतात.

मेघाली, तो जिवल्या आहे. त्यांनी नंबर पुसलाय, पण माझं काम मी ओळखतो. एकतीसच्या डाव्या खांद्यावर रंगाचा एक ओघळ राहिला होता, तो घासायचा माझ्याकडून राहून गेला. खाली लोकांनी लिहिलंय की शेवटी पडणाऱ्याने काय जीव ओतलाय. मेहुलने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं, त्याला काय माहीत. मी ग्राइंडर चालू केला.

तू त्या दिवशी बोईसरच्या बंद कारखान्यात दुसऱ्या सेटवर होतीस, खाडीवर नव्हतीस. तुला कोणी नीट सांगितलं नसेल, मी तर नाहीच. आता ऐक.

सकाळी दहाला ओहोटी लागल्यावर चाळीस जणांना पाण्यात उतरवलं. आपल्या पोरांनी नाही म्हटलं होतं, मासळीचे दिवस होते. म्हणून वाणगावकडून माणसं आणली. वीटभट्टीवर जाणारीच, ती यंदा थोडी थांबली. त्यातल्या आठ जणांना मरायचं होतं. कसं पडायचं ते त्यांना वाळूवर शिकवलं होतं, हात वर टाकायचा आणि मागे जायचं. जिवल्या त्या आठांत नव्हता. स्फोट झाले, माणसं उठली, आठ पडायचे होते ते पडले आणि त्यांच्यात नववा पडला. कोणाला कसं कळावं? तोंड काळ्या काचेमागे. टीव्हीसारख्या पडद्यासमोर बसलेला कंपनीचा एक जण म्हणाला, "वाह, क्या गिरा है." हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

शूटिंग थांबल्यावर सगळे धडपडत बाहेर आले. कोणी गुडघ्यावर, कोणी दुसऱ्याला धरून. दमले असतील असं म्हणाले. हेल्मेटं वाळूवर नंबरवार लावायची पद्धत होती, तीस लागलं, बत्तीस लागलं, मधली जागा रिकामी. मग आपली पोरं दोर घेऊन पाण्यात गेली. किनाऱ्यापासून वीस पावलांवर तो उताणा मिळाला, पाठीवरची पेटी चिखलात रुतलेली. पोरांनी त्याला पालथा केला तेव्हा पेटीच्या वरच्या बाजूला, मानेमागे असलेल्या जाळीतून पाणी यायला लागलं, आणि ते बराच वेळ येत राहिलं. बादल्या बादल्या पाणी होतं आत. खालून मात्र एक थेंब गळत नव्हता.

गळणार कसा? मी पाणी भरून पाहिलं होतं. नवी बोट शेडबाहेर काढायच्या आधी आपण ती ओंडक्यांवर चढवतो, आत पाणी भरतो आणि दिवसभर तळाखाली हात फिरवून बघतो. माझ्या बापाने तेच केलं, मीही तेच करत आलो. एक थेंब हाताला लागला तर बोट समुद्रात जात नाही. त्या चाळीस पेट्या मी तशाच ओंडक्यांवर मांडल्या, एकेकीत पाणी भरलं आणि खालून हात फिरवला. हात कोरडा आला, चाळीस वेळा. मला किती बरं वाटलं होतं तुला सांगू.

तुझ्या ओळीचं उत्तर यात अर्धं आहे. उरलेलं लिहायला मला वेळ दे.

बाबा


मुरबे
७ एप्रिल २०२५

मेघाली,

काल मी पारूला भेटून आलो. जिवल्याची बायको. वाणगावजवळच्या भट्टीवर आहे, दोन लेकरं तिथेच झोपडीत. मी कशाला गेलो होतो ते मलाच नीट माहीत नव्हतं. आईने सुकटीची पिशवी दिली, म्हणाली, "रिकाम्या हाताने जाऊ नका. आन खाली मान घालून बसा."

पारू विटा उलटत होती. मी मुरब्याचा, असं सांगितलं तर तिने हातातली वीट ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "होडीवाले तुमीच काय?" मी हो म्हटलं. तिला वाटलं मी तिचं सांत्वन करायला आलोय. मला बसायला गोणपाट दिलं तिने.

मग तिने जे सांगितलं ते तुला लिहितो. जिवल्याला पोहता येत नव्हतं. पाण्याची भीती होती. आदल्या दिवशी घरी येऊन तो म्हणाला की पाण्यात उतरायचं हाय, मला नाय जायचं. पारूही म्हणाली नको जाऊ, भट्टीवर जाऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी तरी तो गेला, कारण बरोबरच्या माणसाने त्याला सांगितलं की ते कपडे मुरब्याच्या होडीवाल्याने केलेत. पारू म्हणाली, "मंग तो हासला. मला बोलला, होडीवाल्याने केलंय, मंग बुडायचं नाय."

 मी तिथे तुझं नाव घेऊ शकलो असतो, कंपनीचं घेऊ शकलो असतो, माझं तर नक्कीच घेऊ शकलो असतो. एकही न घेता सुकटीची पिशवी ठेवली आणि उठलो. तिने धाकट्याला माझ्या पाया पडायला लावलं. मेघाली, तो पाया पडेपर्यंत मी तिथे उभा राहिलो.

आता तुझ्या ओळीचं उत्तर.

तू कागद दिला होतास. मला सगळं आठवतं, कधीच विसरलो नव्हतो. नमुन्याचं पहिलं चिलखत तू स्वतः घातलंस आणि शेडमागच्या टाकीत उतरून बुडी मारलीस. उठायला गेलीस तर पेटीतल्या पाण्याने तुला मागे ओढलं आणि तू टाकीच्या भिंतीवर आपटलीस. मी हात देऊन तुला वर काढलं. तू हसत होतीस, ओल्या हातानेच लाल पेन्सिल घेतलीस आणि पेटीच्या तळाशी दोन गोल काढलेस. खाली लिहिलंस, "बाबा, इथे दोन बोटांची भोकं, चाळीसही पेट्यांना, नक्की." माझ्यासमोर माझी मुलगी त्या पेटीने पडलेली मी पाहिली होती. आणि मी पोलिसांना आठवत नाही म्हणालो.

भोकं मी पाडलीही होती. ऐंशीच्या ऐंशी. मग बुजवली. का बुजवली ते सांगतो, पटणार नाही, तरी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका बोटीत पाणी शिरलं होतं. तू मुंबईला शिकत होतीस, तुला आम्ही कळू दिलं नाही. तळाच्या जोडात फट राहिली होती, माणसं वाचली, बोट ओढत आणली. त्यानंतर माझ्याकडे बोट सांगायला कोणी आलं नाही. पाठीमागे काय बोलायचे ते मला ऐकू यायचं. आणि पेट्या वाळत घातल्या होत्या तेव्हा बंदरावरचे चारजण आले, भोकांतून बोटं घालून बघायला लागले. एक म्हणाला, "किशा आता भोकं पाडूनच देतो, म्हंजे फट शोदायला नको." सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी मी आतून फायबर आणि पुट्टी भरून सगळी भोकं बंद केली.

मनाची समजूतही तयार होती. स्वराज फोनवर म्हणाला होता की माणसं कमरेपर्यंतच पाण्यात जातील, बुडी नाही. म्हटलं, मग भोक ठेवलं तर पाणी खालूनच शिरेल. बंद पेटी माणसाला उलट तरंगती ठेवील, बोटीसारखी. तीस वर्षं मी तेच करत आलोय, पाणी बाहेर ठेवायचं. तुला विचारलं असतं तर तू दोन शब्दांत सांगितलं असतंस की बुडी मारली तर पाणी वरच्या जाळीतून भरेल आणि आतच राहील. विचारलं नाही. मुलीला पाण्याचं काय विचारायचं, असं वाटलं.

कागद उंदरांनी नेलेला नाही. पोलीस येऊन गेल्यावर मी तो चुलीपाशी नेला होता. तुझं अक्षर होतं, जाळवला नाही. मग मेहुलच्या बोटीचा तळ घालताना मी तो दोन थरांच्या मध्ये ठेवला आणि वरून रेझिन ओतलं. कागद काचेसारखा होतो त्यात, पण पेन्सिल जात नाही. त्यावर मग पुढचे थर आले. आता तो तिथे आहे, बोटीच्या तळात, पाण्याखाली जाईल त्या भागात. तिथे कोणी कधी उघडून बघत नाही.

हे पत्र तू कोर्टात दाखवू शकतेस. पण तुझा वकील म्हणेल की बापाने मुलीला वाचवायला लिहिलं असं समोरचे म्हणणार. मी पालघरला एका वकिलाला विचारून आलोय, कोणाचं काम आहे ते न सांगता. कागदच पाहिजे म्हणाला.

बाबा


मुरबे
२९ एप्रिल २०२५

मेघाली,

उद्या अक्षय तृतीया. मेहुलने आंब्याचं डहाळं, नारळ, झेंडूची माळ सगळं आणून ठेवलंय. बोट झाली आहे, निळी आणि पांढरी. बंदरावरची माणसं बघून गेली. गेल्या शुक्रवारी मी पाणी भरून पाहिलं, कोरडी आहे. त्याच चारजणांतला एक तळाखाली हात घालून म्हणाला, "किशा, हात परत बसला रे तुजा." दोन वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो.

एक गोष्ट अजून तुला सांगितलेली नाही. ती लिहिल्याशिवाय उद्याचं काही करता येणार नाही, म्हणून आधी ती.

त्या दिवशी खाडीवर मी बांधावर उभा होतो, सगळं गाव होतं. माणसं कमरेपर्यंत पाण्यात होती आणि दिग्दर्शक साहेबांना ते आवडेना. भोंग्यावरून आवाज आला की असं नको, सगळे आणखी आत जा, छातीपर्यंत, आणि इशारा झाला की पूर्ण बुडी मारा, मग एकदम उठा. स्वराजने ते मराठीत पुन्हा सांगितलं. मी ते दोन्ही वेळा ऐकलं. मला कळलं काय होणार ते. तू टाकीत कशी मागे गेलीस ते डोळ्यांसमोर आलं. बुडी मारायला वेळ होता, चांगली पाच मिनिटं, ते कॅमेरे हलवत होते. स्वराज माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होता. मला एवढंच ओरडायचं होतं की थांबा, पेट्यांना भोकं नाहीत.

पण शेजारी ते चौघे उभे होते. मागे सगळी आळी. किशाचं काम पुन्हा खोटं निघालं, हे माझ्याच तोंडून मला गावासमोर सांगायचं होतं. मी मनात म्हटलं, छातीभर तर पाणी आहे, पडले तर उठतील. आणि गप्प राहिलो. मेघाली, भोकं मी चुकून बुजवली असं मी स्वतःला सांगू शकतो. गप्प मी चुकून राहिलो नाही.

रविवारी मी पुन्हा भट्टीवर गेलो. या वेळी बसलो नाही. पारूला सगळं सांगितलं, भोकांचं, कागदाचं, त्या पाच मिनिटांचं. ती विटा उलटत राहिली. मला वाटलं ती वीट फेकून मारील, मारली असती तर बरं झालं असतं. रांग संपवली. मग म्हणाली, "मला काय सांगता? त्याला सांगायचं होतं." आणि दुसऱ्या रांगेला लागली. सुकटीची पिशवी झोपडीच्या कुडाला अडकवलेली होती, तिने ती काढून माझ्या हातात परत दिली.

घरी आल्यावर तुझ्या आईलाही सांगितलं. ती मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली. बाहेर आली आणि म्हणाली, "पोरीला पाच महिने जाळलंत तुमी." त्यानंतर कॅलेंडरपाशी गेली, पाच तारखेवरचा गोल बघत उभी राहिली आणि मला म्हणाली, "आता बसलात काय? उठा."

म्हणून आज दुपारी शेडमध्ये गेलो. बोट ओंडक्यांवर होती. तिच्याखाली पाठीवर पडलो, खडूने चौकोन आखला आणि ग्राइंडर लावला. फायबर कापताना धूळ किती उडते ते तुला माहीत आहे, डोळ्यांत गेली, तशीच जाऊ दिली. चारी बाजू कापल्यावर तुकडा माझ्या छातीवर पडला. उन्हात धरून बघितला. कागद काचेसारखा झालाय, पण दोन्ही गोल स्पष्ट आहेत, लाल, आणि खाली तुझं अक्षर. "नक्की"खाली तू दोन रेघा मारल्या होत्यास, ते मी विसरलो होतो.

ग्राइंडरचा आवाज ऐकून मेहुल धावत आला. नव्या बोटीच्या तळात ताटाएवढा चौकोन आणि त्यातून पलीकडचं ऊन दिसतंय.  त्याची बोट मी पावसाच्या आत दुसरी करून देईन, तोपर्यंत बाहेर असलो तर. नसलो तर साचा त्याचा.

तुकडा फडक्यात बांधून ठेवलाय. उद्या सकाळी पोलीस ठाण्यात जातोय, नवा जबाब द्यायला, तुझी आई बरोबर येते म्हणते. तुझ्या वकिलाला पाच तारखेच्या आधी तिथून नक्कल मागायला सांग. माझ्यासाठी कोणता वकील बघू नकोस. मला भेटायला येऊ नकोस असं मी म्हणणार नाही, पण यायलाच हवं असंही नाही.

मेहुलने विचारलं, "काका, हे काय केलंत?"

मी म्हणालो, "भोक पाडलं. मागे राहून गेलं होतं."

बाबा